विरघळलं, पण मानवलं का? पाण्यात न विरघळणाऱ्या औषधावर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

बीकरमध्ये पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली आणि ती पिठासारखी वरच तरंगत राहिली. काचेच्या कांडीने ढवळलं तर कडेला जाऊन चिकटली. एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये किंवा कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागातल्या पहिल्या नोकरीत असं एखादं औषध तुमच्या वाट्याला येणारच. नवे शोधले जाणारे बरेचसे रेणू पाण्याशी फटकून वागणारे असतात.

मी या कामाला लागले तेव्हा कितीतरी महिने एकच प्रश्न विचारत होते : विरघळलं का? द्रावण स्वच्छ दिसलं की वहीत बरोबरची खूण. ते द्रावण पुढे कोणाच्या तरी पोटात, कोणाच्या तरी शिरेत जाणार आहे आणि औषधासोबत आपण घातलेला द्रावकही जाणार आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. आपल्याकडे आजीसुद्धा डॉक्टरांना सांगते, "औषध चांगलं होतं, पण मला मानवलं नाही." ते मानवण्याचं गणित पहिल्या दिवसापासून मांडावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये विद्राव्यता आणि मानवणं या दोन गोष्टी मी वेगळ्या काढलेल्या नाहीत.

१. हाताशी काय हवं

पूड उघडण्याआधी हे कागद एका फाइलमध्ये लावा :

- औषधाचं सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, बॅच नंबरसह. पुढे उत्तरं बदलली तर पहिला संशय बॅचवर घ्यावा लागतो.
- सुरक्षिततेची माहिती देणारी एमएसडीएस.
- वितळणबिंदू, पीकेए (कोणत्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू विद्युतभारित होतात तो आकडा) आणि लॉग पी (रेणू किती तेलकट आहे त्याचं माप). छापील आकडे चालतील, पण वितळणबिंदू स्वतः तपासा.
- मात्रा किती, दिवसातून किती वेळा, तोंडाने की शिरेतून, आणि रुग्ण कोण? लहान मुलं आहेत का? मूत्रपिंड कमकुवत असलेले लोक आहेत का?
- त्याच औषधाचं बाजारातलं उत्पादन असेल तर त्याचं माहितीपत्रक. त्यातली निष्क्रिय घटकांची यादी दोनदा वाचा.
- अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची निष्क्रिय घटकांची यादी. कोणता घटक, कोणत्या मार्गाने, किती प्रमाणापर्यंत मंजूर उत्पादनांत वापरला गेला आहे ते तिथे कळतं.
- वापरणार असलेल्या प्रत्येक द्रावकाचा ग्रेड (शुद्धतेचा दर्जा) आणि सीओए.
- प्राण्यांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी. त्यासाठीचा फॉर्म बी भरायला वेळ लागतो, म्हणून तो आधीच हातात घ्या.

उपकरणांत ३७ अंशांचा शेकर बाथ, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज, दोन-तीन प्रकारचे सिरिंज फिल्टर आणि द्रावणात औषध किती आहे ते मोजणारं एचपीएलसी यंत्र लागेल. डीएससी (तापवताना नमुना कसा बदलतो ते दाखवणारी चाचणी) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखणारी चाचणी) बाहेरून करून घेता येतात. पण पोलराइज्ड मायक्रोस्कोप मात्र आपल्या टेबलाजवळ असू द्या. काळ्या पडद्यावर चमकणारे ठिपके दिसले की स्फटिक आहेत असं समजायचं. हे उत्तर दोन मिनिटांत मिळतं आणि त्यातून आठवड्याची मेहनत वाचते.

२. किती विरघळायला हवं ते आधी ठरवा

"अविद्राव्य" हा शब्द एकटा काही सांगत नाही. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, "जवळजवळ अविद्राव्य" म्हणजे १ भाग औषधाला १०,००० भागांहून जास्त द्रावक लागणं. पण मात्रा अर्धा मिलिग्रॅम असेल तर तेवढी विद्राव्यताही पुरून उरू शकते.

यासाठी एक साधं माप आहे. गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या, औषधांची विद्राव्यता आणि शोषण यांवरून गट पाडणाऱ्या बीसीएस वर्गीकरणात सर्वात मोठी मात्रा २५० मिली पाण्यात, म्हणजे साधारण पेलाभर पाण्यात विरघळते का, असं विचारलं जातं. पोटापासून आतड्यापर्यंतच्या पीएचला, ३७ अंशांना.

ग्रिसिओफल्विन घ्या, गजकर्णावरचं जुनं औषध. मात्रा ५०० मिग्रॅ. विद्राव्यता मिलीला सुमारे ०.०१५ मिग्रॅ. भागाकार केला तर एक मात्रा विरघळवायला ३३ लिटर पाणी लागतं. म्हणजे दोन मोठे हंडे. पेल्याशी तुलना केली तर १३३ पट. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. १३३ पट कमतरता भरून काढायची की ३ पट, यावर पुढचा मार्ग ठरतो. ३ पटच कमी असेल तर महागड्या तंत्रामागे धावायची गरज नाही.

३. विद्राव्यता मोजा, आणि मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासा

पद्धत सोपी वाटते. बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएच टिकवणाऱ्या द्रावणात, जास्तीचं औषध टाका, ३७ अंशांना हलवत ठेवा, गाळा, मोजा. पीएच १.२, ४.५ आणि ६.८ तरी घ्याच. २४ आणि ४८ तासांचे आकडे जुळले की समतोल आला असं माना. जुळले नाहीत तर ७२ तास थांबा.

नवखी माणसं याच सोप्या कामात अडकतात. मीही अडकले होते. एका औषधाचं उत्तर सकाळी वेगळं आणि दुसऱ्या दिवशी वेगळं येत होतं. तीन आठवडे मी बफर बदलले, कॉलम बदलला, पुन्हा पुन्हा वजनं केली. शेवटी एक वायल ट्रेमधून काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. तळाच्या कडेला केसाहून बारीक सुया पडल्या होत्या. ३७ अंशांना गाळलेलं संपृक्त द्रावण ऑटोसॅम्पलरच्या, म्हणजे एचपीएलसीला नमुने पुरवणाऱ्या यंत्राच्या, थंड ट्रेमध्ये रात्रभर बसून होतं आणि औषध निमूटपणे खाली उतरलं होतं. यंत्राची सुई वरचं पातळ द्रावण उचलत होती.

तेव्हापासून हे नियम मी पाळते :

- सिरिंज आणि फिल्टर ३७ अंशांनाच ठेवा. गाळल्याबरोबर, बाकावर न ठेवता, मोबाइल फेजमध्ये (एचपीएलसीतून वाहणाऱ्या द्रवात) ठरावीक पटीत पातळ करा.
- पहिले एक-दोन मिली टाकून द्या. काही पडदे औषध स्वतःत ओढून घेतात. एकदा सेंट्रिफ्यूज करून आलेला आकडा गाळून आलेल्या आकड्याशी ताडून पाहा.
- शेवटी बफरचा पीएच पुन्हा मोजा. आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी औषध बफरलाच ओढत नेतं, आणि ६.८ ची म्हणून लिहिलेली विद्राव्यता ५.९ ची निघते.
- तळाला उरलेला गाळ फेकू नका. वाळवून त्याचं एक्सआरडी करा. तुम्ही एक स्फटिकरूप टाकलेलं असतं आणि पाण्यात त्याचं हायड्रेट, म्हणजे पाण्याचे रेणू धरून बसलेलं स्फटिक, झालेलं असतं. कार्बामाझेपिन याचं नेहमीचं उदाहरण. त्याचं डायहायड्रेट मूळ रूपापेक्षा कमी विरघळतं.

आणखी एक, डीएमएसओ या प्रयोगशाळेतल्या द्रावकातली विद्राव्यता अहवालात ठळक करून लिहू नका. त्यात जवळजवळ काहीही विरघळतं, आणि रुग्णाला ते पाजायचं नसतं.

४. रेणू कशापायी अडला आहे ते ओळखा

औषध दोन कारणांनी अडतं. एकतर स्फटिकात रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की सुटतच नाहीत. या औषधांना आमच्यात विटेचा भुगा म्हणतात. नाहीतर रेणू मुळातच तेलकट असतो आणि पाणी त्याला जवळ घेत नाही. तो ग्रीसचा गोळा.

ओळखायला विद्राव्यतेचा अंदाज देणारं याल्कोव्स्की यांचं समीकरण उपयोगी पडतं. वितळणबिंदूतून २५ वजा करून आलेल्या आकड्याचा शंभरावा भाग ०.५ मधून वजा करायचा, मग लॉग पीही वजा करायचा. जे उरतं तो मोलर विद्राव्यतेचा (लिटरला किती मोल) लॉग. ग्रिसिओफल्विन साधारण २२० अंशांना वितळतं, लॉग पी २.२ च्या आसपास. म्हणजे स्फटिकाच्या पकडीचा वाटा जवळपास २, तेलकटपणाचा वाटाही जवळपास तेवढाच. रक्तातली चरबी कमी करणारं फेनोफायब्रेट ८० अंशांना वितळतं, लॉग पी ५ च्या वर. तिथे पकडीचा वाटा जेमतेम ०.५५ आणि सगळा अडथळा तेलकटपणाचा. या समीकरणातून अचूक आकडा मागू नका. दिशा कळली की पुरे. विटेच्या भुग्याचं स्फटिक मोडायचं, ग्रीसच्या गोळ्याला तेलाचा किंवा साबणासारख्या रेणूंचा आधार द्यायचा. उलट केलंत तर पैसे आणि वर्ष दोन्ही जातं.

५. मार्ग निवडा

कण लहान करणं सर्वात स्वस्त आणि शरीराला सर्वात सोसणारं, कारण यात बाहेरचं काही फारसं जात नाही. पण इथे एक घोटाळा दरवर्षी पाहते. मायक्रोनायझर, म्हणजे पूड अतिबारीक दळणारं यंत्र, चालवल्यावर विद्यार्थी "विद्राव्यता वाढली" असं लिहितात. वाढतो तो विरघळण्याचा वेग. नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं की वेग हा अजून किती विरघळायचं बाकी आहे यावर अवलंबून असतो, आणि पुढे त्यात पृष्ठभागाची भर पडली. वेग हीच अडचण असेल तर एवढ्याने काम होतं. फेनोफायब्रेटची जुनी मात्रा ३०० मिग्रॅ. होती, बारीक कणांची २०० झाली आणि नॅनोस्फटिकांची १४५. तोच परिणाम निम्म्याहून कमी औषधात. सावधगिरी एवढीच की फार बारीक पूड स्थिर विजेने गोळे धरते आणि पाण्यात भिजत नाही. ती भिजावी म्हणून थोडा पॉलिसॉर्बेट किंवा एचपीएमसी लागतो.

क्षार करणं किंवा पीएच बदलणं हा मार्ग औषध आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तरच. औषध आणि त्याच्याशी जोडायचं आम्ल किंवा अल्कली यांच्या पीकेएत निदान २ ते ३ एककांचं अंतर हवं. टेल्मिसार्टन हे मला फार आवडतं उदाहरण आहे. रक्तदाबाची ही गोळी घरोघरी आहे. पीएच ३ ते ९ मध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही, आणि आपल्या आतड्याचा सगळा पट्टा त्याच्याच आतला. म्हणून मूळ गोळीतच सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन हे अल्कधर्मी घटक घातलेले असतात. गोळी भिजली की तिच्याभोवती क्षणभर अल्कधर्मी कोंदण तयार होतं आणि औषध त्यात सुटतं. याची किंमतही आहे. ती गोळी हवेतलं पाणी ओढते. म्हणूनच ती घ्यायच्या वेळेसच स्ट्रिपमधून काढायची असते. क्षार निवडताना मॅग्नेशियम स्टिअरेटवर (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात त्यावर) लक्ष ठेवा. अल्कधर्मी औषधाचा हायड्रोक्लोराइड क्षार त्याच्या सान्निध्यात, थोडा ओलावा मिळाला की, पुन्हा मूळ अविद्राव्य रूपाला जातो. आणि हायड्रोक्लोराइड पोटातल्या आम्लात अपेक्षेपेक्षा कमी विरघळला तर दचकू नका, तिथे क्लोराइड आधीच भरपूर आहे आणि तेच क्षाराला विरघळण्यापासून अडवतं.

अस्फटिक घन मिश्रण म्हणजे विटेच्या भुग्यावरचा ठोस उपाय. औषधाचे रेणू कोपोव्हिडोन, एचपीएमसीएएस किंवा पीव्हीपी यांसारख्या पॉलिमरमध्ये विखुरून स्फटिक होऊच द्यायचे नाहीत. स्प्रे ड्रायर किंवा गरम एक्सट्रुडर वापरतात. प्रयोगशाळेत सुरुवात करायला फिल्म कास्टिंग पुरेसं आहे : औषध आणि पॉलिमर एकाच द्रावकात विरघळवा, काचपट्टीवर थेंब टाका, वाळवा, पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली रोज बघा. पॉलिमर निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. बरणीत तो स्फटिक थांबवतो का? आणि पाण्यात गेल्यावर औषध अतिसंपृक्त, म्हणजे एरवी मावेल त्याहून जास्त विरघळलेल्या, अवस्थेत धरून ठेवतो का? पहिल्यात उत्तम असलेला पॉलिमर दुसऱ्यात नापास होताना मी पाहिला आहे.

तेलाचा आधार ग्रीसच्या गोळ्यांना. अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनचं जुनं तेलकट उत्पादन पित्तावर आणि जेवणावर फार अवलंबून होतं. १९९० च्या दशकात आलेल्या मायक्रोइमल्शनने (पाण्यात अतिसूक्ष्म थेंबांत पांगणाऱ्या तेलाच्या मिश्रणाने) शोषण बरंच एकसारखं झालं. तेलात औषध विरघळतं एवढ्यावर समाधान मानू नका. तयार मिश्रणाचा थेंब २५० मिली कोमट पाण्यात टाका आणि दोन तास बघत बसा. तेल पांगतं आणि औषध मागे उरून खाली बसतं, असं पुष्कळदा होतं.

सायक्लोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे आपल्या पोकळीत औषध धरणाऱ्या शर्करेच्या कड्यांचं, सांगायचं तर, साधं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन इंजेक्शनात अजिबात नको, ते मूत्रपिंडाला अपाय करतं. तिथे त्याची हायड्रॉक्सीप्रोपिल किंवा सल्फोब्युटिल रूपं वापरतात. त्यांचाही हिशोब पुढच्या पायरीत आहेच.

६. द्रावकाचा हिशोब मांडा

एक तक्ता करा. प्रत्येक घटकापुढे एका मात्रेत किती, दिवसात किती, किलो वजनामागे किती. हे तीन रकाने भरल्याशिवाय कोणतंही फॉर्म्युलेशन पुढे नेऊ नका.

पॅक्लिटॅक्सेल घ्या, कर्करोगावरचं. मूळ इंजेक्शनात मिलीला ६ मिग्रॅ. औषध आणि ५२७ मिग्रॅ. क्रेमोफोर ईएल असतं, उरलेलं अल्कोहोल. ३०० मिग्रॅ. मात्रा म्हणजे ५० मिली. त्यातून रुग्णाच्या शिरेत २६ ग्रॅमहून जास्त क्रेमोफोर जातं. औषधाच्या ८८ पट. या एरंडेलापासून केलेल्या घटकामुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून आधी डेक्सामेथासोन आणि अँटिहिस्टमिन द्यावं लागतं. शिवाय तो साध्या पीव्हीसी नळीतलं प्लॅस्टिसायझर ओढून घेतो, म्हणून नळीही वेगळी. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं, क्रेमोफोरशिवाय. औषध तेच होतं, फक्त त्याला नेणारं वाहन बदललं.

बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या तोंडाने घ्यायच्या द्रावणात मिलीला १० मिग्रॅ. औषध आणि ४०० मिग्रॅ. हायड्रॉक्सीप्रोपिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. २०० मिग्रॅ. मात्रेसोबत ८ ग्रॅम पोटात. जुलाब होतात ते बरेचसे त्यामुळेच. बुरशीवरच्याच व्होरिकोनॅझोलच्या २०० मिग्रॅ. इंजेक्शनात ३२०० मिग्रॅ. सल्फोब्युटिल रूप असतं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णात साठत जातं.

मुलांचं सिरप करत असाल तर इथे थांबून नीट वाचा. प्रोपिलिन ग्लायकॉल या नेहमीच्या द्रावकासाठी युरोपीय औषध संस्थेने ठरवलेली दिवसाची मर्यादा ५ वर्षांपासून पुढे किलोमागे ५०० मिग्रॅ. आहे, १ महिना ते ४ वर्षांपर्यंत ५०, आणि नवजात बाळात फक्त १. समजा दोन वर्षांचं १० किलोचं मूल. मर्यादा ५०० मिग्रॅ. तुमच्या सिरपमध्ये २० टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल आणि मात्रा ५ मिली तीन वेळा. १५ मिलीत ३ ग्रॅम झाले. सहापट. बीकरमध्ये ते सिरप पाण्यासारखं स्वच्छ दिसेल.

आणि ग्रेड. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध विरघळत नाही म्हणून ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवलं, त्यात शंभरावर माणसं गेली. आपल्याला तेवढं लांब जायला नको. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं मूत्रपिंडं बंद पडून नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, तेव्हाही खोकल्याच्या सिरपमध्ये तेच सापडलं. म्हणून ग्लिसरिन, प्रोपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल द्रावण यांचा प्रत्येक डबा डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉलसाठी तपासूनच उघडा. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्येही. सवय तिथेच लागते.

७. शिरेतून द्यायचं असेल तर ते पातळ झाल्यावर काय होतं ते बघा

बाटलीत विरघळलेलं औषध रक्तात विरघळलेलं राहील असं नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं इंजेक्शन ४० टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल, १० टक्के अल्कोहोल आणि पीएच १२ च्या आसपास अशा कडक व्यवस्थेत विरघळलेलं असतं. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत टाकलं की आम्लतेकडे झुकून स्फटिक पडतात, म्हणून ते फक्त सलाइनमध्ये, आणि मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिग्रॅ.हून वेगाने नाही. लहान शिरेत दिलं तर हात जांभळा पडून सुजतो, प्रसंगी त्वचा मरते. यावर उपाय म्हणून रेणूलाच फॉस्फेट जोडलं गेलं. फॉसफेनिटॉइन पाण्यात सहज विरघळतं आणि शरीरात गेल्यावर फेनिटॉइन होतं.

तुमच्या फॉर्म्युलेशनसाठी घरगुती म्हणावी इतकी सोपी चाचणी : ३७ अंशांचा, ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर हलवत ठेवा. मागे काळा कागद लावा. इंजेक्शन बारीक नळीतून हळूहळू सोडा. नळीच्या तोंडाशी धुरासारखी पांढरी रेघ उठली आणि विरून गेली तर ठीक. रेघ तशीच राहून खाली गाळ बसला तर शिरेत तेच होणार आहे. वेग बदलून पुन्हा बघा. सोबत रक्तपेशी फुटतात का ते तपासा : नीतिशास्त्र समितीच्या परवानगीने घेतलेल्या रक्तातल्या धुतलेल्या पेशी, ३७ अंश, सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या द्रवाची लाली ५४० नॅनोमीटरला. औषधाशिवायचं नुसतं वाहनही याच चाचणीत ठेवा. ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) रक्ताच्या जवळ, म्हणजे किलोला २८० ते ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास आणा.

वाहन बदलल्याने काय फरक पडतो हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत पाहिलं. बुरशीवरचं अँफोटेरिसिन बी डिऑक्सिकोलेट या साबणासारख्या पित्तक्षारात विरघळवलेलं असलं तर थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडाला मार बसतो. तेच लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, बसवलं तर मूत्रपिंड बरंच वाचतं आणि मात्राही जास्त देता येते. त्या दिवसांत नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते ते याच लिपोसोमसाठी. या औषधाच्या लिपोसोमल रूपावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून काम केलं होतं.

८. प्राण्यांवरच्या अभ्यासात वाहनाचा वेगळा गट ठेवाच

उंदरांना तोंडाने द्यायला सहसा ०.५ टक्के मिथाइलसेल्युलोजमधलं सस्पेन्शन, वर थोडा पॉलिसॉर्बेट ८०, एवढं पुरतं. तिथून सुरुवात करा. आमच्या एका अभ्यासात मात्रा मोठी म्हणून पीईजी ४०० या द्रावकाचं प्रमाण फार वाढवलं गेलं. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यांखालचे ट्रे ओले दिसले. औषधाच्या गटात जुलाब, आणि औषध न मिळालेल्या वाहनाच्या गटातही तेवढेच जुलाब. तो गट नसता तर दोष औषधाच्या माथी बसला असता आणि एक चांगला रेणू कपाटात गेला असता. मुक्या जनावरांचा तो त्रासही आधी हिशोब केला असता तर टळला असता. म्हणून मोठा अभ्यास सुरू करण्याआधी नुसतं वाहन दोन-तीन प्राण्यांना देऊन बघण्याची मंजुरी अर्जातच मागून ठेवा.

९. जास्त विरघळलं तर मात्रा पुन्हा ठरवा

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज भरलं गेलं. मात्रा तीच. औषध जास्त शोषलं गेलं आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसली. तुमच्या बदलाने शोषण दुप्पट होणार असेल तर मात्रा कमी व्हायला हवी. जुन्या-नव्या गोळ्या एकमेकींच्या जागी देता येणार नाहीत हे माहितीपत्रकात यायला हवं.

१०. पावसाळ्यात काय होईल ते आधीच बघा

अस्फटिक औषध परत स्फटिक होण्याची वाट बघत असतं, आणि पाणी त्याला मदत करतं. डीएससीवर काचसंक्रमण तापमान, म्हणजे काचेसारखा घट्ट घन कोणत्या तापमानाला मऊ होऊ लागतो ते, काढा. साठवणुकीच्या तापमानापेक्षा ते ५० अंशांनी तरी वर असू द्या. पण ते कोरड्या नमुन्याचं असतं. ओलावा शिरला की खाली घसरतं. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये बंद बाटलीसोबत एक उघडी वाटीही ठेवा. जुलैत कोकणातल्या औषधांच्या दुकानात उघड्या डब्यातल्या गोळ्यांचं जे होतं, ते ती वाटी दोन आठवड्यांत दाखवते. ४० मिनिटांचं डिझॉल्यूशन (गोळीतून औषध किती वेळात विरघळतं ती चाचणी) ठीक आलं म्हणून खूश होऊ नका. माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट हा साबणासारखा घटक भरपूर असेल तर खराब झालेली गोळीही पास होते. कमीत कमी साबण घालून चाचणी लावा, म्हणजे चांगल्या आणि बिघडलेल्या गोळीतला फरक दिसेल.

एचआयव्हीवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचं कोणीही न पाहिलेलं दुसरं, कमी विरघळणारं स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये उतरू लागलं आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. विकासाच्या काळात फक्त एकच रूप ठाऊक होतं. म्हणून वेगवेगळ्या द्रावकांतून, वेगवेगळ्या वेगाने स्फटिक पाडून बघण्याचं काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका.

११. घेणाऱ्याला काय सांगायचं ते लिहून ठेवा

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, द्रावण उपाशीपोटी. कॅप्सूलला आम्ल लागतं, म्हणून आम्लपित्ताची गोळी सोबत घेतली की कॅप्सूलचं काम बिघडतं. हे फॉर्म्युलेशन करणाऱ्यालाच सर्वात आधी कळतं, त्यामुळे डॉक्टर आणि फार्मासिस्टपर्यंत पोचेल असं सोप्या भाषेत लिहिण्याची जबाबदारीही त्याचीच. तुमचं औषध कधी घ्यायचं, कशासोबत घ्यायचं नाही, उघडं ठेवायचं का नाही, ही तीन वाक्यं मराठीत लिहा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्या. माझ्या सासऱ्यांनी आठवड्याच्या सात खणांच्या डबीत टेल्मिसार्टनच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून भरल्या होत्या. शनिवारच्या खणातली गोळी हाताला मऊ लागली. आता ते स्ट्रिपच कात्रीने कापतात, एकेक गोळी तिच्या फॉइलसकट डबीत ठेवतात.